विश्लेषण : ऑर्किड नेण्या-आणण्याचे नियम कडक, मग घाटातली आमरी रस्त्यावर कशी?

बँकॉकच्या बाजारातून बॅगेत चार ऑर्किड टाकून परतणारा पर्यटक आणि परदेशातल्या लेकीसाठी बाल्कनीतले एखादे रोप नेऊ पाहणारी आई, या दोघांनाही विमानतळावर एकच प्रश्न पडतो किंवा विचारला जातो : कागद कुठे आहेत? शोभेच्या एका झाडासाठी हस्तिदंताला लागू होणारा करार कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हे नियम कुणा बाबूच्या लहरीतून आलेले नाहीत. खरी अडचण वेगळीच आहे. ज्याच्यासाठी नियम केले तो सहज निसटतो आणि रोपवाटिकेत कष्टाने रोपे वाढवणारा मात्र कागदांत अडकतो.

इतकी भीती कशाची?

1850 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत होते. निळ्या व्हँडाची सात माणसांची ओझी त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यातली फारच थोडी रोपे इंग्लंडला जिवंत पोहोचली. हूकर यांनीच लिहून ठेवले आहे, की दुसऱ्या एका गृहस्थाने त्याच जागेवरून पाठवलेले एक ओझे वाईट अवस्थेत पोहोचूनही 300 पौंडांना विकले गेले. ऑर्किडच्या व्यापाराचे गणित तेव्हापासून फारसे बदललेले नाही. जंगलातून फुकट उपटायचे, वाटेत बरेचसे मरू द्यायचे आणि उरलेल्यांवर नफा कमवायचा.

हे गणित ऑर्किडला झेपत नाही, कारण त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अंकुरासाठी अन्नसाठाच नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि फुलावर यायला कित्येक वर्षे घेते. अगस्त्यमलईच्या डोंगरांतले ‘पॅफिओपेडिलम ड्रुरी’ हे दक्षिण भारतातले एकमेव लेडीज स्लिपर ऑर्किड. संग्राहकांनी ते इतके ओरबाडले, की आज ते नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

‘सायटिस’ काय सांगतो?

वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरचा हा आंतरराष्ट्रीय करार 1975 मध्ये लागू झाला आणि भारत 1976 मध्ये त्यात सामील झाला. करारातल्या सुमारे 40 हजार प्रजातींपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक एकट्या ऑर्किडच्या आहेत, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. ऑर्किडचे संपूर्ण कुळच दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे व्यापार चालतो, पण परवान्यानेच. सगळे पॅफिओपेडिलम आणि दक्षिण अमेरिकेतले फ्रॅग्मिपेडियम पहिल्या परिशिष्टात आहेत. त्यांच्या जंगली रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे.

या करारातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी तरतूद काचेच्या बाटलीतल्या रोपांची आहे. दुसऱ्या परिशिष्टातल्या ऑर्किडची निर्जंतुक बाटलीत, आगरवर वाढवलेली इवलीशी रोपे करारातून वगळली आहेत. अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी 1922 मध्ये बुरशीशिवाय, साखर घातलेल्या आगरवर ऑर्किडचे बी रुजवून दाखवले. तिथूनच प्रयोगशाळेत हजारोंनी रोपे करण्याचा मार्ग खुला झाला. अशा बाटलीत माती नसते, कीड नसते आणि रोप डोंगरातून उपटून आणलेले नाही हे उघडच दिसते. लागवडीच्या ऑर्किडची कापलेली फुलेही याच कारणाने मोकळी आहेत.

करार किती गांभीर्याने घेतला जातो? 2002 मध्ये मायकल कोव्हाक यांनी पेरूत रस्त्याकाठी विकत घेतलेले एक अनोखे लेडीज स्लिपर परवान्याविना फ्लोरिडाला नेले. तिथल्या सेल्बी उद्यानाने त्या नव्या प्रजातीला त्यांचेच नाव दिले. पुढे कोव्हाक आणि उद्यान दोघांनाही न्यायालयात दंड झाला. फुलाचे नाव मात्र ‘कोव्हाकी’च राहिले!

देशातल्या देशात काय?

इथे गोंधळ जास्त आहे. दुकानात मिळणारे फॅलेनॉप्सिस किंवा डेंड्रोबियमचे संकरित रोप पुण्याहून नागपूरला कुरिअरने पाठवायला वन खात्याचा परवाना लागत नाही. बिल जपून ठेवले की पुरे. पण वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने सहा वनस्पतींची यादी आली, त्यातली तीन नावे ऑर्किडची होती : निळी व्हँडा, लाल व्हँडा आणि लेडीज स्लिपर. 2022 च्या दुरुस्तीनंतर ती तिसऱ्या अनुसूचीत आहेत. ही रोपे जंगलातून तोडणे, जवळ बाळगणे, विकणे, वाहून नेणे हा गुन्हा आहे. लागवड आणि विक्रीसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो आणि ग्राहकानेही परवानाधारकाकडूनच घ्यायचे असते. गंमत अशी, की निळी व्हँडा ‘सायटिस’च्या पहिल्या परिशिष्टातून 2004 मध्ये दुसऱ्यात आली, देशी कायद्यात मात्र ती आहे तिथेच आहे.

मग सीतेची वेणी, आमरी यादीत नाहीत म्हणून घाटातून आणायला हरकत नाही? हरकत आहे. राखीव जंगलातली वेल असो वा शेवाळ, भारतीय वन अधिनियम 1927 नुसार ते वनोपज आहे आणि विनापरवाना काढणे गुन्हा आहे. अभयारण्यात तर बोलायलाच नको. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये देशातल्या 1,256 ऑर्किड प्रजातींची नोंद केली. त्यातल्या 388 फक्त भारतात सापडतात आणि त्यांपैकी जवळपास एक-तृतीयांश पश्चिम घाटातल्या आहेत.

परदेशी नेताना-आणताना

‘सायटिस’चे कागद असले म्हणजे झाले, असे नाही. द्राक्ष आणि आंबा निर्यातदारांना तोंडपाठ असलेले फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र इथेही लागते. ते रोप किडी-रोगांपासून मुक्त असल्याचे सांगते, रोपाच्या उगमाबद्दल काहीच सांगत नाही. युरोपीय संघाने डिसेंबर 2019 पासून प्रवाशाच्या बॅगेतल्या रोपालाही ते सक्तीचे केले. अमेरिकेत बारापर्यंत रोपांना कृषी खात्याचा आयात परवाना लागत नाही, पण हे प्रमाणपत्र लागते आणि ‘सायटिस’चे कागदही. भारतात येताना 2003 चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू होतो. वैयक्तिक वापराची दोन किलोंपेक्षा कमी कापलेली फुले चालतात. जिवंत रोपाला मात्र आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे प्रमाणपत्र हवे, आणि मुळाशी माती अजिबात नको. बँकॉकच्या विक्रेत्याने ‘काही होत नाही’ म्हटले, तरी पकडले गेल्यावर उत्तर द्यायला तो नसतो.

अडते कुठे?

संपूर्ण व्यवस्था एका प्रश्नावर उभी आहे : रोप लागवडीचे की जंगलातले? सिक्कीममध्ये पाकयोंगला राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे आणि ईशान्येत लागवड करणारे शेतकरी आहेत. पण आपल्या रोपाचा उगम सिद्ध करण्याचा सोपा, झटपट कागद छोट्या रोपवाटिकेला मिळत नाही. उलट पावसाळ्यात घाटरस्त्यावर फांदीसकट आमरी विकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, आणि तेच रोप ऑनलाइन ‘दुर्मीळ देशी ऑर्किड’ म्हणून कुरिअरने फिरते. च्यवनप्राशातल्या अष्टवर्गातील जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी ही ऑर्किडच मानली जातात. त्यांचे वाळलेले कंद तर कुणी ऑर्किड म्हणून ओळखतही नाही.

माझ्या मते बंदी आणखी वाढवून काही साधणार नाही. रोपवाटिकेची एकदा तपासणी करून तिला वर्षभराचे उगम प्रमाणपत्र द्यावे आणि त्याचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापायला लावावा. ऑनलाइन विक्री संकेतस्थळांनी देशी प्रजातींसाठी तो क्रमांक मागावा. त्याने प्रामाणिक लागवडदाराची निर्यातीची वाट सोपी होईल आणि क्रमांक नसलेला माल आपोआप उघडा पडेल. वन खात्याने तपासणी नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांना जंगली रोप ओळखायलाही शिकवावे. ते फार अवघड नाही. तुटलेली जाड मुळे, त्यांना चिकटलेला सालीचा तुकडा, पानांवर शेवाळ आणि किडीचे व्रण, एकाच ढिगात लहानमोठी रोपे. रोपवाटिकेतली रोपे एका वयाची, एका मापाची असतात आणि त्यांची मुळे कुंडीच्या आकारात गोल वळलेली असतात.