ॲव्हरेजचा आकडा कोणत्या वेगाचा?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयात गाड्यांच्या मायलेजचे नियम ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांस,



गाडी घेताना आपल्याकडे हमखास विचारतात, ॲव्हरेज किती देते? आम्हाला शोरूममध्ये सांगितलं, बावीस. तो आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. तो कोणत्या वेगाचा, हे कुणी सांगितलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्या चाचणीत गाडी रोलरवर, एसी बंद ठेवून, ११८० सेकंद चालवतात. तिथला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, तोही शेवटी थोडाच वेळ. समृद्धी महामार्गावर मात्र कारला १२०ची परवानगी आहे.

दिवाळीत जालन्याहून लेकीकडे नागपूरला गेलो. रस्ता मोकळा, पाटीवर १२०, मीही काटा तिथेच ठेवला. सुमारे पावणेचारशे किलोमीटर. नागपुरात टाकी फुल्ल केली तर २६ लिटर बसलं! "येताना नव्वदच्या पुढे जायचं नाही," हिने बजावलं. घरी पोचून पुन्हा टाकी फुल्ल केली. १९ लिटर. जालना नागपूरपेक्षा उंचावर, म्हणजे येताना चढ, तरीही सात लिटर कमी. तास मात्र एक जास्त लागला. दोन्ही आकडे हिच्या हिशोबाच्या वहीत आहेत.

यात गाडीचा दोष नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९०वरून १२०वर गेलं की वेग एकतृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. टायरचं घर्षण त्या मानाने फारसं बदलत नाही, म्हणून पेट्रोल तितक्या पटीत जात नाही. पण खिशाला कळण्याइतकं नक्की जातं. वर कॅरियरला बोजा बांधलेला असेल तर आणखीच. शहरात रांगणारी गाडीही पेट्रोल पिते, पण तिथे इंजिन चालू आणि अंतर कटत नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून मागणी अशी, की ८०, १०० आणि १२० या वेगांचे वेगवेगळे आकडे, एसी चालू ठेवून मोजलेले, शोरूममध्ये किमतीच्या पाटीशेजारी लावणं बंधनकारक करा. पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेकडे मोजायची यंत्रणा आहेच, नियमात तशी ओळ हवी. आणि समृद्धीवर चढताना वेगमर्यादेच्या पाटीखाली वेग वाढला की पेट्रोल किती वाढतं, तेही लिहा. ज्याला दवाखाना गाठायचाय तो १२०नेच जाईल, जावंही. मी लेकीकडे फराळाला निघालो होतो. मला हा हिशोब आधी कळला असता तर जातानाही नव्वदनेच गेलो असतो.

आपला,
जालन्याचा एक मोटारचालक