व्हिडिओ आपण कोणासाठी काढतो?

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. विषय होता अंबादेवी मंदिर प्रवेशाचा. त्या सभेतला बाबासाहेबांचा आवाज आपल्याकडे नाही. उरले ते छापील शब्द. आज इर्विन चौकात १४ एप्रिलला प्रत्येक हातात मोबाईल असतो. तरी वर्षभराने मागा, मिळते काय? व्हॉट्सॲपवरून उतरवलेली, वर कुणाच्या तरी शुभेच्छांची पट्टी चिकटवलेली, चेहरे विरघळलेली क्लिप.

आपल्या पोरांना दोन सवयी आहेत. एक म्हणजे सगळे '४के'मध्ये एक्सपोर्ट करायचे. चाळीस मिनिटांचे भाषण ४० एमबीपीएसने काढले तर फाईल १२ जीबीची होते. दर्यापूरच्या नेटवर ती चढवायला रात्र पुरणार नाही, आणि बघणारा ते पाच इंची पडद्यावरच बघणार. हा थाट आहे, प्रचार नव्हे. यूट्यूबला १०८०पी, ८ एमबीपीएस, एच.२६४, एमपी४ एवढे पुरते. त्याच भाषणाचे २.४ जीबी होतात. पुढे लहान आवृत्त्या यूट्यूब स्वतःच बनवते. व्हॉट्सॲपसाठी मात्र वेगळी फाईल काढा: ७२०पी, २ एमबीपीएस, आणि पूर्ण भाषण नव्हे, मुद्द्याची तीन मिनिटे. पन्नासेक एमबीत काम होते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर जगणाऱ्या मजूर बाईला ते परवडते, आणि ती ऐकणार नसेल तर आपण बोलतो कोणाशी?

चित्र थोडे कमी झाले तरी चालेल, आवाज नको. आपली चळवळ भाषणांवर आणि गाण्यांवर उभी आहे. ऑडिओ १२८ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. भोंग्यासमोर उभे राहून केलेले रेकॉर्डिंग मात्र कोणतेही सेटिंग सुधारत नाही, हेही सांगून ठेवतो.

दुसरी सवय जास्त घातक: एक्सपोर्ट झाले की मूळ फाईल डिलीट. मोबाईल भरला म्हणे! गावात बहिष्कार टाकला, वस्तीवर हल्ला झाला, पुतळ्याची विटंबना झाली, तेव्हा काढलेला व्हिडिओ हा पुरावा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य द्यावे लागते. एक पट्टी लावून पुन्हा एक्सपोर्ट केले की ते बदलते. मग आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारतो, मूळ कुठे आहे?

अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ(१०) नुसार या कायद्याखालील कार्यवाहीचे चित्रीकरण व्हायला हवे. ते आपण ठणकावून मागतो, मागायलाच हवे. पण आपल्याच शाखेत जुन्या मेळाव्यांची मूळ फुटेज ठेवलेली एक हार्ड डिस्क नाही. कमानीची वर्गणी होते, डिस्कची होत नाही. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक शाखेने दोन डिस्क घ्याव्यात, एक विहारात आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री मूळ फाईल केबलने उतरवून घ्यावी. पट्ट्या नंतर लावा.