शिडाची होडी पॅकेजमध्ये कुठे बसते?

मुरुड-हरिहरेश्वरची टूर नाशिकमधला कोणीही काढो, दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमातली एक ओळ ठरलेली: ‘नाश्त्यानंतर बोटीने जंजिरा किल्ला’. बोट कसली, तिला शीड आहे की इंजिन, वारा केव्हा सुटतो, याचा कुठे उल्लेख नाही. आणि त्याच ऑफिसात कोणी ‘क्रूझ’ विचारत आलं की मुंबई-गोवा मोठ्या जहाजाचं माहितीपत्रक पुढे सरकतं. स्विमिंग पूल, कॅसिनो, बुफे. त्या जहाजाशी आमचं भांडण नाही. कमिशन बरं मिळतं आणि पाहुणे खूश होऊन येतात. पण शिडाच्या होडीची सफर ही स्वतंत्र विकण्याची गोष्ट आहे, हे अजून आपल्या डोक्यात शिरलेलं नाही.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या आजही प्रवाशांना जंजिऱ्याला नेतात. एकदा किल्ला विसरून नुसती होडी पाहा. खलाशी आधी लांब बांबू तळाला रोवून होडी धक्क्यापासून लोटतो. मग दोघं-तिघं मिळून दोर ओढतात आणि डोलकाठीला टांगलेली तिरकी, लांबलचक काठी शिडासकट वर चढते. शीड तिकोनी, ठिगळं लावलेलं. वारा भरला की होडी एका कुशीवर कलते, पुढचे प्रवासी ओरडतात आणि तांडेल सुकाणूवरचा हात न हलवता ‘बसून राहा’ एवढंच म्हणतो. किल्ल्याच्या आडोशाला वारा पडतो. तिथे पुन्हा बांबू, नाहीतर वल्हं. दरवाजाजवळ लाटेवर होडी वर-खाली होत असते. छोट्या होडीत किंवा थेट पायरीवर उतरताना खलाशी दंडाला धरून बरोबर त्या क्षणाला माणूस उचलतो. आपला टूर मॅनेजर तेव्हा डोकी मोजत असतो.

हे कसब कुठल्याही प्रशिक्षण संस्थेत मिळत नाही. आणि आपण ते ‘ट्रान्सफर’ या रकान्यात टाकतो.

अशी सफर स्वतंत्र विकता येते, याचं उदाहरण दूरचं आहे. अमेरिकेच्या ईशान्येला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या किनाऱ्यावर लाकूड, दगड, चुना वाहणारी शिडाची मालवाहू जहाजं रेल्वे आणि ट्रकांमुळे रिकामी पडली, कुजायला लागली. १९३६ साली फ्रँक स्विफ्ट नावाच्या कप्तानाने कॅमडेन बंदरात असं एक जुनं जहाज घेतलं आणि माल ठेवायच्या जागी माणसांना न्यायला सुरुवात केली. आठवडाभराची सुट्टी, खोल्या अगदी लहान, चैन काही नाही. तो धंदा आजही चालू आहे. १८७१ साली पाण्यात उतरलेलं ‘लुईस आर. फ्रेंच’ अजून पाहुणे नेतं. जहाजात इंजिन नाही. वारा पडला तर सोबतची छोटी मोटरबोट मागून ढकलते. एका वेळी वीसेक पाहुणे. वाटलं तर शीड चढवायला हात लावायचा, नाहीतर पुस्तक घेऊन बसायचं.

आपल्यासाठी यातली खरी गोष्ट पुढे आहे. त्या सफरीला ठरलेला मार्ग नसतो. कोणत्या बंदरातून निघणार आणि कोणत्या दिवशी परतणार एवढंच सांगतात. रात्री नांगर कुठे टाकायचा ते कप्तान वारा आणि भरती-ओहोटी पाहून ठरवतो. हे विकणाऱ्याने आधीच, स्पष्ट सांगितलेलं असतं, म्हणून कोणी परतावा मागत नाही. आपल्याकडे तासातासाचा कार्यक्रम छापायची खोड आहे. गुजरातची वीस ठिकाणं सहा दिवसांत दाखवणारा माणूस वाऱ्याच्या भरवशावर काय लिहिणार? लिहिता येतं. ‘सकाळी होडीची सफर, किल्ल्यावर उतरणं समुद्राच्या स्थितीवर’ असं लिहा, आणि बुकिंगच्या वेळी तोंडीही सांगा. सकाळी लवकर मतलई वारा जमिनीकडून असतो, मग मधे काही वेळ पडतो, दुपारकडे खारा वारा समुद्रावरून येतो. तांडेलाला विचारल्याशिवाय वेळ छापू नका, एवढंच. पावसाळ्यात तर होड्या बंदच असतात, त्यामुळे जुलैत कोकण विकताना ही सफर यादीतून काढा.

शिडाच्या सफरीचा विषय काढला की ‘नाशिकला समुद्र कुठे?’ हे नेहमीचं उत्तर. आपल्याच पांडवलेण्यांतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याच्या दानांच्या यादीत इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट पार नेणाऱ्या नावांची व्यवस्था केल्याची नोंद आहे. दमणगंगा तर आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. आपले गाइड पाहुण्यांना इतक्या पायऱ्या चढवून वर नेतात आणि या लेखासमोर थांबतही नाहीत.

लोकांना यात रस नाही, हेही आता म्हणता येणार नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, एकही खिळा न मारता, फळ्या काथ्याने शिवून बांधलेलं ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं, इंजिनाशिवाय. ते बांधलं गोव्यात, केरळच्या कारागिरांच्या हातांनी. अजिंठा आपण आठवड्याला विकतो. त्या चित्रासमोर ग्रुप उभा असतानाच राजपुरीच्या सफरीचं बोलणं काढता येईल.

केरळचं उदाहरण मात्र डोळे उघडे ठेवून पाहावं. तिथले केट्टुवळ्ळम म्हणजे काथ्याने शिवलेले, भात वाहणारे पडाव. रस्ते झाले, पडाव पडून राहिले, आणि १९९०च्या दशकात त्यांवर खोल्या बांधून हाउसबोटी झाल्या. कल्पना उत्तम होती. आज आलप्पुळाला डिझेल इंजिनं, एसी आणि वेंबनाड तलावात जाणारं सांडपाणी हे त्या धंद्याचं मोठं दुखणं आहे. पाहुण्याने ‘एसी आहे का’ विचारलं आणि आपण सगळ्यांनी मिळून ‘हो’ म्हटलं, तिथून ते सुरू झालं. राजपुरीत ‘वेळ वाचतो, इंजिनाचीच बोट द्या’ असं होडीवाल्यांच्या सोसायटीला सांगणारे टूर मॅनेजरही आपलेच आहेत. मागणी तशी आली की शीड उतरतं.

सुरक्षेबद्दल मात्र हयगय नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. होडीचा महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना, त्यावरची प्रवासीसंख्या आणि प्रत्येकाच्या अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट हे तीनही टूर मॅनेजरने स्वतः पाहावं. ‘होडीवर आहेत’ हे उत्तर चालत नाही. बाकाखाली गाठोडं करून ठेवलेली जॅकेटंही होडीवरच असतात. आजी-आजोबांचा ग्रुप असेल तर किल्ल्यावर उतरवण्याचा आग्रह धरू नका. फेरी पुरेशी आहे.

राहिला दराचा प्रश्न. आपल्या ग्रुपसाठी होडी वेगळी घेतली, किल्ल्याला वळसा घालून वाऱ्याने हवं तसं फिरली, तर तेवढ्या वेळात सोसायटीच्या एरवीच्या फेऱ्या बुडतात. ते पैसे आणि तांडेल-खलाशांचा जादा मेहनताना पॅकेजमध्ये आधी धरा, पाहुण्याला वेगळे दाखवून धरा, म्हणजे धक्क्यावर घासाघीस होणार नाही. आणि हे सगळं सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी धक्क्यावर रांग असते, त्या दिवशी वेगळी होडी मागितलीत तर सोसायटी नाही म्हणेल.