सही कोणाची, जबाबदारी कोणाची?



म्हैसूरच्या अशोकपुरम रेल्वे कारखान्यातला आमचा एक फिटर निवृत्तीच्या पैशातून घर बांधायला निघाला. नकाशावर सही हवी होती. पैसे मोजले, सही मिळाली. सही करणाऱ्याने जागा पाहिलीच नव्हती. मागून नाला वाहतो, तो नकाशात कुठेच नाही.

याच फिटरने तीस वर्षे प्रत्येक कामाखाली सही केली आणि चूक झाली तेव्हा चार्जशीट घेतली. लोको पायलटची ठरावीक मुदतीने डॉक्टरी तपासणी होते. मार्ग शिकून सही दिल्याखेरीज त्याला त्या मार्गावर गाडी नेता येत नाही. साध्या वायरमनलाही परवाना लागतो. मग इमारत नि पूल भक्कम आहे असे लिहून देणाऱ्याला काय लागते?

१९७२ चा वास्तुविशारद कायदा आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले, की तो कायदा फक्त 'आर्किटेक्ट' हे नाव राखतो, काम राखत नाही. म्हणजे नोंदणी नसलेल्याने तेच काम खुशाल करावे, पाटी तेवढी लावू नये! सिव्हिल इंजिनियरांसाठी तर अखिल भारतीय परवाना कायदाच नाही. गुजरातने २००६ साली आपल्यापुरता केला.

परिणाम कोणी भोगला? १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीलगतचा पादचारी पूल कोसळला, सात माणसे गेली. त्यांत जी. टी. रुग्णालयात कामावर निघालेल्या तीन परिचारिका होत्या. त्या पुलाची रीतसर तपासणी झालेली होती. कागदावर त्याला किरकोळ दुरुस्ती पुरेशी होती.

काही शहाणे म्हणतात, परवाने वाढवले की इन्स्पेक्टर राज येते. सहीचा बाजार आजच भरलेला आहे, तो त्यांना दिसत नाही काय? दोष आहे तो सही करणाऱ्याला पैसे कोण देतो यात. बांधणाराच तपासणाऱ्याचे बिल भागवतो, तर तपासणारा नाही कसा म्हणेल? रेल्वेत निदान एक गोष्ट शहाणपणाची झाली. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाही, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. त्याच्या तपासणीशिवाय नवा मार्ग प्रवाशांना खुला होत नाही. (त्याच्या अपघात अहवालांचे पुढे काय होते, तो वेगळा लेख होईल.)

आता उलटी बाजू पाहा. जिथे सरकारी माणूस हवा, तिथे परवाना पुढे केला जातो. कर्नाटकात जमिनीचा तुकडा विकण्याआधी '११-ई' नकाशा लागतो. त्याची मोजणी बरीचशी परवानाधारक भूमापक करतात. काम सरकारचे, पण मोबदला प्रकरणामागे. पगार नाही, पेन्शन नाही. याला मी कंत्राटीकरण म्हणतो, मग त्यावर कोणताही शिक्का असो. खात्यातून पोस्टमन नि गँगमनच्या जागा कशा गेल्या हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आमच्या शाखेच्या मागण्या सरळ आहेत. सही करणाऱ्याने जागेवर गेल्याची तारीख नकाशावर लिहावी. तपासणीची फी मालकाने सरकारी खात्यात भरावी आणि तपासणारा यादीतून पाळीने नेमावा. खोटी सही केल्यास परवाना जावा. भूमापकाला कायम नोकरी मिळावी. शाखांनी हा ठराव पुढच्या सभेत घ्यावा.

आमच्या फिटरने नाल्याकडची भिंत आता स्वतःच्या खर्चाने दगडात बांधायला घेतली आहे. सही करणाऱ्याला दोन पत्रे पाठवली, रजिस्टर्ड. पोचपावती आली, उत्तर नाही.