विराटाघरचे वर्ष आणि केडगाव

ख्रिस्ती सेवकांच्या मेळाव्यांतून एक सांत्वन वारंवार ऐकू येते. सेवकाच्या वाट्याला अप्रसिद्धी आली, वर्षे लोटूनही श्रमाचे फळ दिसेना, की त्याला सांगण्यात येते : मोशेने मिद्यानात मेंढरे राखली, दाविदाने बेथलेहेमच्या रानात दिवस काढले, प्रभू येशूही सुमारे 30 वर्षे नासरेथात अज्ञात राहिला, तेव्हा शांत राहा, तुझीही वेळ येईल. सांगणाऱ्यांचा हेतू शुद्ध असेल. पण हा उपदेश आम्हांस अपायकारक वाटतो, आणि तो का, हे स्पष्ट सांगणे प्राप्त आहे.

पांडवांचा अज्ञातवास आपल्या घराघरांतून ठाऊक आहे. विराटाघरी बल्लवाने पळी धरली, बृहन्नडेने नृत्य शिकविले, सैरंध्रीने वेणीफणी केली. पण वर्षाला शेवट होता, शमीवर शस्त्रे ठेवलेली होती, आणि सर्वांचे चित्त त्या शस्त्रांकडे लागलेले होते. आमचे उपदेशक सेवकाच्या एकांताला नेमके हेच रूप देतात. आजचा काळोख म्हणजे उद्याच्या प्रकाशावर घेतलेले कर्ज! ज्याला शमीचे झाड दाखवून बसविले, तो दिवस मोजील. शांती त्याला कशी लाभावी?

नंदुरबार जिल्ह्यातले कोरीट घ्या. अशा गावी एखादा सेवक राहतो, आजाऱ्यापाशी बसतो, मुलांना अक्षरे शिकवितो, रविवारी मोजक्या माणसांसह प्रार्थना करतो, असे समजू. त्याला काय सांगावयाचे? पुढेमागे मुंबईचे व्यासपीठ मिळेल, हे? ते बहुधा मिळणार नाही. आणि मिळालेच, तर कोरीटची माणसे त्या व्यासपीठाची पायरी ठरली, असा अर्थ होईल. नासरेथात सुताराने केलेले काम ज्याच्या घरी गेले, त्याच्या दृष्टीने ते पुरते काम होते. ती कशाची रंगीत तालीम नव्हती.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर केडगावी मिळते. पंडिता रमाबाईंना कीर्तीची वाट पाहावी लागली नाही. ती तरुणपणीच त्यांच्या दारी आली. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना गौरविले. 1886 पासून अमेरिकेत त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटली. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढे केडगावला मुक्तिसदन उभे राहिले, आणि नंतर या बाईंनी आयुष्याची अखेरची सुमारे 18 वर्षे कशात घातली? हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात. प्रचलित भाषांतराची भाषा त्यांना जड व संस्कृतप्रचुर वाटे. साध्या बायकांना कळेल असे मराठी त्यांना हवे होते. मुक्तिसदनातल्याच स्त्रियांनी खिळे जुळविले. ऐकू कमी येत असे, प्रकृती ढासळत होती, 1921 साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी स्वतः बाईंनी देह ठेवला. ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. मंडळ्यांनी मात्र आपल्या सवयीचे बायबल सोसायटीचेच भाषांतर पुढेही वाचले.

उपदेशकांच्या हिशेबात ही 18 वर्षे कोठे मांडावयाची? येथे काळोखानंतरचा उजेड नाही. उलट उजेडातून बाई आपण होऊन आत गेल्या. त्यांच्या शांतीचा आधार फळावर असता, तर ती पहिल्याच वर्षी ढळली असती. तो आधार त्या दिवशीच्या ओवीत, शब्दाच्या निवडीत, तपासलेल्या मुद्रितात होता, असेच आम्ही समजतो.

याला एक दुसरी बाजू आहे, आणि तिच्याविषयी उपदेशक चतुराईने मौन पाळतात. शांती म्हणजे मुकाट्याने ऐकणे नव्हे. याच रमाबाईंनी इंग्लंडात वाँटेजच्या मठातील वडीलधाऱ्या भगिनींशी श्रद्धेच्या प्रश्नांवर पत्रांतून निकराचा वाद घातला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर 1895 साली बाप्तिस्मा घेऊन वीसाहून अधिक वर्षे अमेरिकन मिशनमध्ये राबले, आणि 1917 साली त्याच्या चाकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. 1919 साली ते वारले. दरबाराला रूप येण्यास दोनच वर्षे मिळाली. त्यांना कोणी ‘आपली वेळ येईपर्यंत थांबा’ असे सांगितले असते, तर ती वेळ आलीच नसती.

म्हणून एकांताचा महिमा कोण सांगतो, हे आम्ही आधी पाहतो. रमाबाईंचा एकांत त्यांनी निवडलेला होता. खेड्यातल्या सेवकाचे वेतन थकते, पत्राला उत्तर जात नाही, वर्षानुवर्षे कोणी भेटीस फिरकत नाही. हा एकांत त्याने निवडलेला नसून कार्यालयाने त्याच्यावर लादलेला असतो. त्याला ईश्वरी योजनेचे नाव देणे म्हणजे आपल्या आळसाचा भार देवाच्या माथी मारणे होय. आधी वेतन पोचते करावे. मग मिद्यानाची गोष्ट सांगावी.

आणि पुढील मेळाव्यात या विषयावर प्रवचन ठेवावयाचेच असेल, तर वक्ता अशाच एखाद्या गावाहून बोलवावा, त्याचे गाडीभाडे मंडळाने द्यावे, आणि त्याला सकाळची मुख्य वेळ द्यावी. जेवणाची घंटा होण्यापूर्वीची पाच मिनिटे नव्हेत.