बर्फाचं फूल आणि मामांची चिकटपट्टी

मागच्या डिसेंबरात सबमिशनचा गोंधळ संपवून चार दिवस मामांकडे गेले होते. मामांचं गाव निफाड तालुक्यात. हिवाळ्यात पेपरात 'राज्यात नीचांकी तापमान' असा मथळा आला की खाली बहुतेक वेळा ज्या गावाचं नाव असतं, तेच हे निफाड! तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात रोजचा पारा मोजतात. २०१८ च्या डिसेंबरात तो २ अंशांच्याही खाली गेला होता. मामांची द्राक्षबाग आहे, आणि एक सेकंडहँड युरोपियन गाडी आहे. दोन्हींवर त्यांचा सारखाच जीव.

परत निघायच्या दिवशी पहाटे साडेपाचला मामा मला नाशिकरोडला सोडायला निघाले. किल्ली फिरवली, गाडीने 'टुंग' केलं, मामांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझं लक्ष मात्र डॅशबोर्डकडे गेलं. स्पीडोमीटरच्या खाली नखाएवढी काळी चिकटपट्टी लावलेली.

"मामा, हे काय?"

"ते होय? एसीचा लाईट. खराब झालाय. थंडी पडली की पेटतो. मेकॅनिक म्हणला सेन्सर गेलाय, बदलावा लागंल. मी म्हटलं, चिकटपट्टी फुकटात हाय."

मी पट्टी सोलून काढली. खाली नारिंगी रंगात एक बर्फाचं फूल. सहा पाकळ्यांचं, ग्रीटिंग कार्डावर असतं तसं. बाजूचं बटण दाबल्यावर बाहेरचं तापमान आलं, ३.५.

"मामा, हा एसीचा नाहीये," मी एकदम टी.ई. मेकॅनिकलच्या रुबाबात म्हणाले.

"मग कशाचा?"

झालं! विकेट गेली. तीन वर्षं थर्मो, आर.ए.सी. आणि काय काय पास होऊन मला त्या फुलाचा अर्थ माहीत नव्हता. 'कूलंट गोठत असेल' असं काहीतरी पुटपुटले. मामा हसले आणि गियर टाकला. ग्लोव्ह बॉक्समध्ये मॅन्युअल होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, बहुधा शोरूममधून आल्यापासून न उघडलेलं. इंग्रजीत. त्या पानाचा फोटो काढून घेतला आणि गाडीत बसून वाचला.

तर मित्रांनो, फंडा असा आहे. ते फूल गाडीबद्दल काहीच सांगत नाही. गाडी ठणठणीत आहे. ते सांगतं की बाहेरची हवा इतकी गार आहे, की रस्त्यावर बर्फ असू शकतो. बस्स. पुढच्या बंपरमागे किंवा आरशाखाली एक छोटा थर्मिस्टर बसवलेला असतो. तापमान उतरलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, आणि बऱ्याच गाड्यांत ४ अंशांना (काहींत ३ अंशांना) दिवा लागतो, सोबत एकदाच 'टुंग'. म्हणजे मामांचा सेन्सर गेला नव्हता, उलट अगदी चोख काम करत होता!

आता तुम्ही विचाराल, बर्फ शून्याला होतो, मग दिवा चारलाच का? मला आधी वाटलं, पाण्याची घनता ४ अंशाला सर्वांत जास्त, त्याचं काहीतरी कनेक्शन असणार. व्हायवात हे उत्तर दिलं असतं तर एक्स्टर्नल खूश झाले असते, पण ते साफ चूक आहे. खरं कारण साधं आहे. सेन्सर मोजतो बंपरजवळची हवा, आणि टायर धावतो रस्त्यावर. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि वरच्या हवेपेक्षा चांगलीच गार होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हा हवामान खात्याचा आकडा शून्याच्या वरच असतो, तो याच कारणाने. गवताच्या पात्यावर शून्य झालेलं असतं, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर नाही. रस्त्याचं तेच. त्यातही पूल आधी गोठतो, कारण त्याच्या खालूनही गार वारा वाहतो आणि ऊब द्यायला खाली जमीन नसते. मग डोंगराच्या सावलीतलं वळण, जिथे दिवसभर ऊन पोचत नाही. म्हणून हे चार अंशांचं मार्जिन.

आणि जो बर्फ होतो तो सिनेमातल्यासारखा पांढराशुभ्र नसतो. काचेसारखा पातळ थर, खालचं डांबर आरपार दिसतं, रस्ता नुसता ओला वाटतो. इंग्रजीत त्याला ब्लॅक आइस म्हणतात. मी फोनवर मामांना 'काळा बर्फ' असं भाषांतर करून सांगितलं तर ते म्हणाले, "डांबर सांडलंय का त्याच्यात?" कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा हा फायदा! मग म्हटलं, रस्त्यावर काच अंथरल्यासारखं होतं, दिसत नाही. ते लगेच कळलं.

त्या काचेवर काय होतं ते आपण इंजिनिअर लोकांनी आकड्यांतच बघूया. थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी, अकरावीचं फिजिक्स. ताशी ५० किलोमीटर वेग धरा. कोरड्या डांबरावर म्यू साधारण ०.७, म्हणजे ब्रेक लागल्यापासून १४ मीटरमध्ये गाडी उभी. बर्फावर म्यू ०.१ धरला तर ९८ मीटर. सातपट! आणि वेग निम्मा करून २५ वर आणलात, तरी बर्फावर २५ मीटर लागतात, म्हणजे कोरड्या रस्त्यावर पन्नासने जाताना लागतात त्याहून जास्तच. यात दचकून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. अजून एक गंमत (भीषण गंमत!) म्हणजे कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. म्हणजे फूल पेटतं तेव्हापासून पारा जरासा खाली उतरेपर्यंतचा तो टप्पाच सर्वांत वाईट.

हे सगळं निफाडच्या रस्त्याला लागू आहे का? प्रामाणिक उत्तर, फारसं नाही. हिवाळ्यात तिथला रस्ता कोरडा खडखडीत असतो. बर्फ व्हायला आधी पाणी तर हवं. त्यामुळे मामांची चिकटपट्टी पूर्ण चूक होती असं मी म्हणणार नाही. थंडीच्या दिवसांत रोज पहाटे दिवा लागायचा, रोज काहीच व्हायचं नाही. अशा दिव्यावर कोण किती दिवस विश्वास ठेवणार? आपल्या वर्कशॉपमधल्या एका पॅनेलचा लाल दिवा मी फर्स्ट इयरपासून पेटलेला बघतेय. आता तो विझला तरच सगळे घाबरतील.

माझा राग आहे तो मेकॅनिकवर. त्याने न बघता 'सेन्सर गेला' सांगितलं. आणि त्याच्याहून जास्त राग आपल्या सगळ्यांच्या डोक्यातल्या त्या समजुतीवर, की दिवा पेटला म्हणजे काहीतरी बिघडलं. दिवे दोन जातींचे असतात. एक म्हणतो, 'माझ्यात बिघाड आहे, मला दुरुस्त कर.' ऑइलचा, बॅटरीचा, इंजिनचा दिवा या जातीचा. दुसरा म्हणतो, 'मी ठीक आहे, तू नीट चालव.' बर्फाचं फूल या दुसऱ्या जातीचं. त्याच्यासाठी गॅरेजला जाऊन काही उपयोग नाही. गॅस सोडायचा, पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, ब्रेक आणि स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही. दुरुस्ती ड्रायव्हरची करायची आहे!

त्यात चिन्हांचा झोल. डॅशबोर्डवरच्या चिन्हांसाठी आय.एस.ओ. २५७५ नावाचं आख्खं स्टँडर्ड आहे, भाषा न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. कल्पना सॉल्लिड आहे. पण एकाच गाडीत एसीच्या बटणावर बर्फाचं फूल, काही ऑटोमॅटिक गाड्यांत घसरड्या रस्त्यासाठीच्या मोडवर बर्फाचं फूल, आणि हा इशाराही बर्फाचंच फूल! भारतात बहुतेकांना ओळखीचं फक्त एसीचं. मग आयुष्यात कधी बर्फ न पाहिलेल्या माणसाने दुसरा अर्थ लावायचा तरी कसा? आमचे एक सर म्हणतात, मॅन्युअल वाचलं असतं तर कळलं असतं. सर, मान्य. पण ते पान मी वाचलंय. त्यात 'बाहेरचं तापमान कमी आहे, रस्त्यावर बर्फ असू शकतो' एवढंच आहे. पुढे काय करायचं ते नाही, आणि मराठीत तर काहीच नाही. गाडी नाशकात विकायची आणि इशारा मात्र परदेशातल्या ड्रायव्हरला समजेल असा द्यायचा, हे मला पटत नाही.

'निफाडला घसरत नाही ना, मग कशाला एवढं?' असं म्हणणाऱ्यांसाठी आता आमच्याच वर्गातला किस्सा. नावं लिहीत नाही, ज्यांचा आहे त्यांना कळेलच.

वर्षअखेरीला आपल्यातले चार जण एकाच्या बाबांची गाडी घेऊन मनालीला गेले. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगची खिंड न चढता ९ किलोमीटरचा बोगदा पार केला की लाहौल, त्यामुळे भर हिवाळ्यातही सपाटीवरच्या गाड्या तिकडे धावतात. २०२४ च्या डिसेंबरात बर्फ पडून सोलंग ते बोगदा या पट्ट्यात हजारभर गाड्या अडकल्या होत्या. गाड्या घसरताना लोक बाहेर उड्या मारतायत, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मी मेसमध्ये या चौघांना हे सगळं ऐकवलं. उत्तर काय? "टेन्शन नको घेऊ, ए.बी.एस. आहे." अरे, ए.बी.एस. चाक लॉक होऊ देत नाही, स्टिअरिंग हातात ठेवतं. म्यू कुठून आणणार ते? फोर व्हील ड्राइव्हचंही तेच. निघायला मदत करतं, थांबायला नाही. पण पोह्यांपुढे कोण ऐकतंय!

परत आल्यावर त्यांनीच सांगितलं. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, ताजा बर्फ कुठेच नाही, रस्ता फक्त ओला. हॉटेलमधून निघाल्यापासून फूल पेटलेलं. गाडी चालवणाऱ्याला वाटलं एसी चालू राहिलाय, म्हणून त्याने एसीचं बटण दोन-तीनदा दाबलं. दिवा काही विझेना. 'जाऊ दे' म्हणून सोडून दिलं. पुढे डोंगराच्या सावलीत एक छोटा पूल आला, त्यावर त्याने नेहमीसारखा ब्रेक मारला. गाडीने काहीही आवाज न करता, अगदी नम्रपणे तोंड फिरवलं आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. बंपर गेला. माणसं शाबूत. ढीग होता म्हणून! दुसऱ्या कडेला काय होतं, हे सांगताना तो थोडा वेळ गप्प झाला होता.

त्या गाडीने आपलं काम केलं होतं. तासभर आधीपासून सांगत होती.

उलट बाजूही सांगायला हवी. दिवा नाही म्हणजे बर्फ नाही, असंही समजू नका. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की इंजिनची गरम हवा सेन्सरपाशी येते आणि तो जास्त तापमान दाखवतो. मामांच्या मॅन्युअलमध्येही बारीक अक्षरांत लिहिलंय, की चारच्या वर आणि दिवा नसतानाही रस्ता गोठलेला असू शकतो. आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त गाड्यांत हा दिवा नसतोच. तिथे पहाट, सावली आणि पूल, हेच दिवे.

असो. मामांचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी त्यांना जमिनीचा आणि हवेचा फरक समजावत होते, रस्ता हवेपेक्षा गार असतो वगैरे. मध्येच थांबवून म्हणाले, "म्हंजे हे फूल लागलं की माझ्या बागेत खाली पानावर दहिवर गोठायची वेळ आली, असंच ना?" मी चाटच पडले. माझं लक्ष रस्त्याकडे, त्यांचं द्राक्षाकडे. कडाक्याच्या थंडीने घडांची फुगवण थांबते, मणी तडकतात. म्हणून तिकडे लोक पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात, ते हवेपेक्षा उबदार असतं. बागेत थर्मामीटर आहे, पण तो पत्र्याच्या शेडमध्ये, गड्यांच्या चुलीजवळ टांगलेला! गाडी मात्र उघड्यावर, बागेच्या सखल बाजूला उभी असते, जिथे गार हवा साचते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला इंजिनची ऊबही नसते.

जानेवारीत एकदा पहाटे पावणेपाचला फोन वाजला. घाबरूनच उचलला.

"पोरी, झोपलीस का? तुझं फूल लागलंय. तीन दाखवतंय. माणसं पाठवली शेकोट्या पेटवायला. म्हटलं तुला सांगावं."

मी "बरं मामा" म्हणाले. रूममेटने उशी फेकून मारली.