स्वतःच्या हातची चव

नव्या सुनेनं सासूसारखीच आमटी करायचा हट्ट धरला, की जन्मभर तुलना तिच्या नशिबी येते. तिनं माहेरची एखादी चव आणली, की मात्र घरातले ताट पुढे करून मागून खातात. सायकलींच्या व्यावसायिक शर्यतींचंही मला अगदी तसंच वाटतं.

पॅरिस-रुबे १८९६ची, टूर द फ्रान्स १९०३ची. या थोरल्या जावांपुढे नव्या शर्यतीनं काय करावं? वय काही विकत मिळत नाही. पैसे टाकून नामवंत खेळाडू आणता येतात, पण पुढच्या वर्षी ते दुसरीकडे जातात. मग मागे उरतं काय?

इटलीतल्या टस्कनीनं याचं छान उत्तर दिलंय. तिथले पांढरे, कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, म्हणून १९९७मध्ये जुन्या सायकलींची एक हौशी फेरी सुरू झाली. त्यातूनच २००७ साली ‘स्त्रादे ब्यांके’ ही व्यावसायिक शर्यत जन्मली. नावाचा अर्थच मुळी ‘पांढरे रस्ते’! धुळीनं माखलेले खेळाडू सिएना गावातली उभ्या चढाची गल्ली चढून भर चौकात येतात आणि शर्यत संपते. आज जुन्या शर्यतींच्या पंगतीत तिला मानाचं पान आहे. गंमत म्हणजे, जे रस्ते एरवी कमीपणाचे वाटले असते, तेच तिचं वैभव ठरले. २०१५पासून बायकाही याच धुळीतून त्याच चौकात येतात.

बायकांच्या शर्यतींपुढे तर प्रश्न आणखी अवघड. मोठ्या घराचं आडनाव मिळालं, म्हणजे घरात मान मिळतोच असं नाही ना? १९८४मध्ये बायकांची टूर द फ्रान्स झाली होती. पण ती पुरुषांच्याच दिवसांत, त्यांच्याआधी काही तास. लोक थांबायचे ते पुरुषांसाठी. १९८९नंतर ती बंदच पडली. २०२२मध्ये नव्यानं सुरू झाली, तेव्हा तिला स्वतःचे दिवस मिळाले, टीव्हीवर थेट प्रक्षेपण मिळालं आणि मारिओं रूस ही स्वतंत्र संचालिकाही मिळाली. २०२४ साली आल्प द्यूएझच्या घाटमाथ्यावर काशा निएविआदोमा अवघ्या ४ सेकंदांनी जिंकली. त्या दिवशी पुरुषांच्या शर्यतीची आठवण कुणाला झाली असेल?

अर्थात, ओळख म्हणजे नुसता निसर्ग आणि नाट्य नव्हे. वागणूकही हवी. २०२१मध्ये पॅरिस-रुबेनं बायकांसाठी पहिल्यांदा दार उघडलं, तब्बल १२५ वर्षांनी. लिझी डायग्ननला पहिल्या क्रमांकाचे १,५३५ युरो मिळाले. पुरुष विजेत्याला ३०,०००! फरक तिच्या संघानं भरून दिला. रस्ते तेच, दगड तेच, हाताला फोड तेच. मग मोल वेगळं का?

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे, जानेवारी २०२६मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली. घाट, किल्ल्यांचा परिसर, गावं... आपली चव दाखवायला अजून काय हवं? मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ हा किताब आपल्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी आजही आहे. पण ही नवी शर्यत फक्त पुरुषांची होती, हे मला खटकलं.

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर. इथल्या कितीतरी जणी साडी सावरत, वेण्या उडवत सायकलवरून शाळा-कॉलेजला, नोकरीला गेल्या. ही खास आपली गोष्ट आहे, ती फ्रान्सकडून उसनी आणावी लागणार नाही. म्हणून संयोजकांना एवढंच म्हणावंसं वाटतं, बायकांची शर्यत सव्वाशे वर्षांनी जोडू नका. आत्ताच, शर्यत लहान आहे तोवर जोडा. तेच रस्ते, तेवढंच बक्षीस. नव्या घराला एक बरं असतं, तिथं जुन्या चुका मोडायच्या नसतात, फक्त करायच्या नसतात.

आणि हो, ‘घाटाची राणी’ कोण होते, हे बघायला रस्त्याच्या कडेला मी नक्की उभी असेन!